हत्तिणीची मर्जी पुन्हा न विचारण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधीक्षक साहेब,
जनता प्राणीबाग व बालोद्यान,
मौजे मोहगव्हाण, जि. वर्धा.

अर्जदार : जंगलू डोमाजी मडावी, हत्तीरक्षक, वय ५८, शिक्षण चौथी पास, राहणार हत्तीखान्यामागील खोली, प्राणीबागेचे आवार.

विषय : रंभा नावाच्या हत्तिणीस बागेत ठेवण्याचा ठराव रद्द करून तिला जंगलातील हत्ती-तळावर पाठविण्याबाबत, व त्यासाठी तिची चाचणी पुन्हा न घेण्याबाबत.

संदर्भ : १) हत्ती निर्णय समितीचे ठराव क्र. १४ व १५, दिनांक १२ मार्च १९८१.
२) माझे तोंडी निवेदन, चार वेळा केलेले, ज्यास आवक क्रमांक मिळाला नाही.

महोदय,

खाली सही करणारा हत्तीरक्षक आपल्यासमोर हात जोडून खरी हकीकत ठेवतो ती अशी. अल्लीपूरच्या अर्जनविसाने या अर्जाचा अर्ध्या पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात "नजरचुकीने" असा एक शब्द होता आणि बाकी सगळे गोड होते. झाले ते नजरचुकीने झाले नाही. ते हाताच्या सवयीने झाले आणि पुढे माझ्या गप्प बसण्याने झाले. म्हणून तो मसुदा बाजूला ठेवून मी स्वतः लिहीत आहे. पंधरा वर्षे कचेरीतले कागद इकडून तिकडे पोचवताना जी भाषा डोळ्याखालून गेली ती वापरली आहे. कमी-जास्त झाल्यास माफी असावी.

१. सन १९६६ च्या हिवाळ्यात हिंगणघाटास सर्कस आली होती. ती बुडाली. तंबू उतरला, घोडे विकले गेले, वाघ कोणी घेऊन गेले, आणि हत्तीण कोणी घेईना. आपल्या विश्वस्त मंडळाने ती घेतली. बाग त्यानंतर झाली. आधी हत्तीण उभी राहिली आणि मग तिच्याभोवती तारेचे कुंपण, दोन हरणे, मोर आणि अजगर आला. अजगर मरून सात वर्षे झाली, फलकावर तो अजून आहे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. हत्तीण गेली तर बाग राहत नाही ही मंडळाची भीती खरी आहे, एवढेच सांगायचे आहे.

२. माझे वडील चांद्याकडच्या जंगलात लाकूड ओढणाऱ्या हत्तींसाठी चारा तोडायचे. तेवढ्या ओळखीवर मला हे काम मिळाले. बाकीचे शिक्षण सर्कशीच्या म्हाताऱ्या माहुताने दिले. तो पंधरा दिवस माझ्याजवळ राहिला आणि मग आपल्या मुलखात निघून गेला. त्याने मला खाणे सांगितले, आंघोळ सांगितली, आणि काठी सांगितली. काठीविषयी खाली कलम ५ मध्ये लिहितो, कारण सगळा अर्ज त्यावरच आहे.

३. मागच्या वर्षी हत्ती-तळावरून आपल्याकडे पत्र आले की तुमची हत्तीण आम्ही घेतो. तिथे हत्तींना दिवसा काम असते आणि संध्याकाळी पायात लांब साखळी घालून जंगलात सोडतात. सकाळी माहूत साखळी घासून पडलेल्या खुणेवरून माग काढत जातो आणि घेऊन येतो. आपल्या इथे हत्तीखाना चाळीस पावले लांब आणि पंचवीस पावले रुंद आहे. ही पावले माझी आहेत, तिची नव्हेत. यावर मंडळाने तीन जणांची हत्ती निर्णय समिती नेमली. अध्यक्ष प्रभाकरराव, सदस्य विमलाबाई आणि सदस्य गुरांचे डॉक्टर. प्रभाकरराव म्हणाले, "हत्तीण गेल्यावर पोरायले काय दाखवाचं, दोन हरनं?" विमलाबाई सेवाग्रामकडच्या, हातमागाचे लुगडे नेसणाऱ्या, शांत बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या की एवढ्या मोठ्या जिवाला एवढ्याशा जागेत ठेवणे पाप आहे. डॉक्टर दोघांनाही हो म्हणाले. अशा चार बैठका झाल्या. चारही वेळा चहा मीच नेला.

४. पाचव्या बैठकीत डॉक्टर म्हणाले की हत्तिणीलाच विचारावे. साखळी काढावी, फाटक उघडावे, आणि सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत कोणी तिला हाकू नये की अडवू नये. बाहेर पडली तर तिला जायचे आहे असे धरावे. उभी राहिली तर तिला राहायचे आहे असे धरावे. ही गोष्ट तिघांनाही फार आवडली. निर्णय आता त्यांच्यापैकी कोणालाच घ्यायचा नव्हता. विमलाबाई तर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जंगलू, आज पहिल्यांदा तिला कोणी विचारतं आहे." मलाही ते बरे वाटले होते, हे खोटे सांगत नाही.

५. आता काठी. साहेब, हत्तीण साखळीने उभी राहते असे पाहणाऱ्यांना वाटते. साखळी एका मागच्या पायाला असते आणि तिने मनावर घेतले तर ती खुंटा उपटून नेईल. सर्कशीचे माहूत तिला काठीने उभी करतात. बांबूची साडेतीन हात काठी तिच्या पुढच्या डाव्या पायाला टेकवून ठेवायची आणि निघून जायचे. माहूत परत येईपर्यंत काठी पडता कामा नये. पडली तर मार. लहानपणी त्यांना हे शिकवतात, आणि कातडी जिथे पातळ असते, कानामागे, तिथे मारतात. एकदा शिकलेली हत्तीण काठी टेकवली की तो पाय उचलत नाही, की अंगही हलवत नाही. माहूत जेवून, झोप काढून आला तरी ती तशीच असते.

या अर्जाच्या पहिल्या कागदावर मी "तिला कधी मारले नाही" असे लिहिले होते. ते मी फाडले. पहिल्या वर्षी मारले. काठी दोनदा पडली होती, दोन्ही वेळा मारले. त्यानंतर काठी पडली नाही आणि मारण्याचे कामही पडले नाही. चारा आणायला गेलो, काठी टेकवली. कचेरीत बोलावले, काठी टेकवली. सखू, म्हणजे माझी बायको, शेवटच्या बाळंतपणाला अडली तेव्हा काठी टेकवून गेलो ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आलो. ती तशीच उभी होती. तेव्हा मी तिची बाहेरच्या लोकांत तारीफ केली. पंधरा वर्षांत त्या जागेची कातडी घासून गुळगुळीत झाली आहे. डॉक्टरांनी ती खूण दोन वेळा पाहिली आणि तपासणीच्या कागदात "जुना डाग" असे लिहिले.

६. दिनांक १२ मार्च, गुरुवार. शाळेची मुले आणली होती, गावचे लोक आले होते. दहा वाजता डॉक्टरांनी स्वतः साखळी काढली. फाटक सताड उघडले. बाहेर दहा पावलांवर उसाची मोळी ठेवली होती. मी तिच्याजवळ उभा होतो. तेवढ्यात कचेरीतले बाबू किसनराव यांनी पंचनामा पुढे केला की जंगलू, साखळी तुझ्या समक्ष काढली म्हणून सही कर. कागद धरायला एक हात आणि लिहायला एक हात. माझ्या हातातली काठी मी तिच्या पायाला टेकवली आणि सही केली. मग मला सांगितले की त्या निंबाखाली जाऊन उभा राहा आणि खूण करू नको. मी गेलो.

हे मी जाणून केले नाही. कोणी आपल्या चपला ठरवून काढत नाही, दार आले की पाय आपोआप काढतात, तसा माझा हात आहे. निंबाखाली गेल्यावर अर्धा तास झाला असेल, तंबाखू चोळायला म्हणून हात पुढे केले आणि कळले की दोन्ही हात मोकळे आहेत. मग मी तिच्या पायाकडे पाहिले.

७. साहेब, अर्जदाराचा खरा गुन्हा इथून पुढचा आहे. मला तेव्हा ओरडून सांगता आले असते. मी सांगितले नाही. एक तर प्रभाकरराव घड्याळ पाहत होते आणि खुशीत होते. दुसरे, चारशे लोकांसमोर माझी फजिती झाली असती. आणि तिसरे लिहायला लाज वाटते, पण तेच मोठे आहे. ती गेली नाही याचे मला बरे वाटत होते. तिच्याशिवाय सकाळी उठून मी काय करणार हे मला ठाऊक नव्हते. म्हणून मी चार तास गप्प राहिलो.

ती रोज उभ्या जागी झुलते. डावीकडे, उजवीकडे, दिवसभर. बांधून ठेवलेली हत्तीण झुलते, मोकळी झुलत नाही, हे मला वडिलांकडून माहीत होते. तरी मुलांनी विचारले की मी सांगायचो, हत्तीन नाचून राह्यली. त्या दिवशी ती झुलली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात माशा बसल्या, तिने मान हलवली नाही. उसाचा वास येत होता, सोंडेचे टोक तेवढे जमिनीवर इकडून तिकडे जात होते. चारही तास ती निंबाकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहत होती. पंचनाम्यात याला "हत्तीण अत्यंत शांत व समाधानी" असे म्हटले आहे. बायामाणसे हात जोडत होती. विमलाबाईंचे डोळे भरले आणि त्या म्हणाल्या, "मी हरले, तिचं प्रेम इथेच आहे." ते मी ऐकले आणि तरीही गप्प राहिलो.

८. दोन वाजता ठराव क्र. १४ झाला की हत्तीण स्वेच्छेने राहत असल्याने तिला ठेवावे. लगेच ठराव क्र. १५ झाला की हत्तिणीचा जीव जंगलू मडावी याच्यावर असल्याने त्याची ३१ मार्चची निवृत्ती थांबवून त्यास हत्तिणीच्या हयातीपर्यंत कामावर ठेवावे. मला शाल आणि नारळ दिला. हत्तीण चाळीस वर्षांची आहे. हत्ती सत्तर वर्षे जगतो. मी अठ्ठावन्नचा आहे. हा हिशेब समितीने केला नसावा. पुढच्या आठवड्यात फाटकावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत फलक लागला, "येथील हत्तीण स्वखुशीने राहते." आता लोक आधी फलक वाचतात आणि मग तिच्याकडे पाहतात, आणि तिने झुलणे सुरू केले की म्हणतात, पाहा कशी खुशीत आहे.

९. घरी गेल्यावर मी सखूला सगळे सांगितले. तिने चुलीपुढून मान वर केली नाही. म्हणाली, "तिले कोणं इचारलं? तुमच्या काठीले इचारलं, अन् काठीनं सांगतलं राहतो म्हनून." तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "मलेबी इथंच मराचं हाये का आता?" आमच्या खोलीची मागची खिडकी हत्तीखान्यात उघडते, पुढचे दार बागेत उघडते, आणि बागेच्या फाटकाला संध्याकाळी सहाला कुलूप लागते. ठराव क्र. १५ वाचून दाखविल्यापासून तिने खिडकी लावून घेतली आहे.

१०. मी बाबू किसनरावांना चार वेळा भेटलो. ते माणूस म्हणून चांगले आहेत. पहिल्या वेळी हसले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "ठराव होऊन गेला बावा. हत्तीन अपील करून राह्यली का? मंग तू काऊन करतं?" तिसऱ्या वेळी म्हणाले की असे लिहून दिले तर समितीची फजिती, मंडळाची फजिती आणि तुझी नोकरी जाईल. मी म्हटले, नोकरी तर जात नाही, तोच त्रास आहे. चौथ्या वेळी ते म्हणाले की पुरावा आण. काठी नसती तर ती बाहेर पडली असती, हे दाखव, मग समितीपुढे ठेवू.

११. म्हणून मी आपल्या परवानगीशिवाय पुरावा करून पाहिला. हा दुसरा गुन्हा समजावा. दिनांक २७ एप्रिल, सोमवार, बाग बंद असते. सकाळी आठला मी साखळी काढली, फाटक उघडले, काठी घरात सखूजवळ दिली आणि तिला दाराला आतून कडी घालायला सांगितले. मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो आणि रंभाला हाक मारली. माझ्या हाकेला ती पंधरा वर्षे आली आहे.

ती आली नाही. आधी तिने सोंडेने पायापाशी चाचपले. काठी नव्हती. मग डाव्या बाजूला पाहिले, मग उजव्या. मग तिने आवाज केला, लहान, पोटातला, जसा ती चारा उशिरा आला की करते. मला वाटले आता येईल. मी पुन्हा हाक मारली. तिने चाऱ्यातून निंबाची एक डहाळी उचलली, पाने झटकली, ती आपल्या हाताने, म्हणजे सोंडेने, पुढच्या डाव्या पायाला टेकवली, आणि उभी राहिली. झुलली नाही. मान हलवली नाही. माझ्याकडे पाहत राहिली, मी शाबास म्हणावे म्हणून.

मी फाटकात खाली बसलो आणि रडलो. अर्जात हे लिहिण्याची पद्धत नाही हे मला समजते, पण पुराव्यात येते म्हणून लिहिले. बारा वाजता मी आत गेलो आणि ती डहाळी काढली. तेव्हा कुठे तिने पाय उचलला.

१२. या पुराव्याचा अर्थ समिती काय लावेल हे मला कळून चुकले आहे. समिती म्हणेल, पाहा, आता तर काठीही नव्हती, तरी गेली नाही. म्हणून मी तो समितीपुढे न नेता आपल्यापुढे ठेवत आहे. तिला पुन्हा विचारू नये, साहेब. दहा वेळा विचारले तरी दहाही वेळा ती राहते म्हणूनच सांगेल. ते उत्तर तिचे नाही. ते मी तिच्या कानामागे मारून शिकवलेले आहे आणि सर्कशीने माझ्याआधी शिकवलेले आहे. ज्यांना विचार करता येतो त्यांनी निर्णय घ्यावा आणि तो त्यांच्या नावावर असावा.

१३. मी हत्ती-तळावर निरोप पाठवला होता. तिथला भाऊजी नावाचा जुना माहूत, माझ्या वडिलांना ओळखणारा, दिनांक ६ मे रोजी येऊन तिला पाहून गेला. तो दिवसभर कुंपणाशी बसून राहिला. त्याचे म्हणणे की हत्तीण अजून चांगली आहे, पाय बरे आहेत, जंगल शिकेल. तळावरची एक म्हातारी हत्तीण तो घेऊन येईल, ती पुढे चालेल आणि ही तिच्या मागे येईल. हत्तीण हत्तिणीच्या मागे जाते, तिला हाकावे लागत नाही. नऊ दिवसांची पायी वाट आहे. पाऊस लागण्याच्या आत, म्हणजे मे अखेरपर्यंत, निघायला हवे. नंतर नदी उतरता येत नाही, आणि पुढच्या वर्षी तळाला ती हवी असेलच असे नाही.

निघताना मी त्याला म्हटले की मीही नऊ दिवस बरोबर चालतो, तिला सोडून येतो. भाऊजी म्हणाला, "तू समोर हायेस तवर हे पाय उचलनार नाई. वाटंतबी नाई, तिथंबी नाई. तुले पाह्यलं का उभी राहीन. तू निंघून जाजो. कुठी गेला ते तिले दिसू देऊ नोको." मी त्याच्यावर रागावलो. परका माणूस येऊन मला सांगतो असे वाटले. रात्रभर राग होता. सकाळी चारा घेऊन गेलो, तिने मला पाहिले, आणि कोणी काही न सांगता डावा पाय सरळ करून उभी राहिली. तेव्हा तो बरोबर बोलला हे मी कबूल केले.

१४. तरी मायबाप सरकारास विनंती की :

(अ) ठराव क्र. १४ रद्द करून हत्तीण रंभा हिला चालू महिन्यात हत्ती-तळावर पाठवावे, व तिची चाचणी घेऊ नये.

(ब) फाटकावरील फलक काढावा. दुसरा लावू नये.

(क) ठराव क्र. १५ रद्द करून अर्जदारास ताबडतोब कामावरून कमी करावे. अर्जदार व त्याची पत्नी सेलूस मुलीकडे जातील. मुलीचे घर लहान आहे, पण त्याला कुलूप आतून लागते.

(ड) भाऊजी आपली हत्तीण घेऊन येण्याच्या दोन दिवस आधीपासून, रंभा नदीपार होईपर्यंत, अर्जदारास बागेच्या फाटकातून आत घेऊ नये, असा लेखी हुकूम चौकीदाराकडे द्यावा. तोंडी सांगून चालणार नाही. मी आज शहाणपणाने लिहीत आहे, पण पंधरा वर्षांच्या सवयीचा माणूस आहे. सकाळ झाली की मी येईन. चौकीदाराला सांगेन की एकदाच पाहतो, लांबून पाहतो, चारा कोणी नीट टाकला की नाही तेवढे पाहतो. हातापाया पडेन. ती मला ओळखून ओरडेल आणि मग मी भांडेन. चौकीदार माझ्याच हाताखाली तयार झालेला आहे, तो मला नाही म्हणणार नाही. म्हणून त्याच्या हातात कागद असावा.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहिला आहे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,

(सही) जंगलू डोमाजी मडावी
हत्तीरक्षक
मोहगव्हाण, दिनांक १२ मे १९८१

सोबत जोडलेले कागद व वस्तू :

१. ठराव क्र. १४ व १५ ची नक्कल.
२. हत्ती-तळाच्या पत्राची नक्कल.
३. शाल एक, न वापरलेली. नारळ त्याच दिवशी हत्तिणीस दिला गेला, तो परत करता येत नाही.
४. कोरा कागद एक. कलम (ड) चा हुकूम त्यावर लिहावा. वाचला, समजला व मान्य आहे म्हणून खाली अर्जदाराने आजच सही केलेली आहे, कारण त्या दिवशी तो करणार नाही.